पवनीचं पार्सल कधी निघणार?

पवनी, जि. भंडारा

मराठी पुस्तकांचे प्रकाशक आणि वितरक यांस,


महाराष्ट्रात साडेतीनशेहून जास्त तालुके आहेत. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती पूर्वी हजार प्रतींची निघायची, आता बरेचदा पाचशेची निघते, कवितासंग्रह असला तर तीनशेचीही. आपण हजारच धरू. त्या सगळ्या तालुक्यांत सारख्या वाटल्या तर एका तालुक्याच्या वाट्याला तीन प्रतीही येत नाहीत. हा हिशेब तुम्हाला माझ्याहून चांगला येतो. छपाईला पुस्तक देताना तुम्ही तोच तर मांडता: पुण्यात किती जातील, दादर-ठाण्याला किती, नाशिक-कोल्हापूरला किती. नागपूर त्या हिशेबात असतं. भंडारा क्वचित असतो. पवनी नसतेच.

आणि मग एखाद्या परिसंवादात वाक्य येतं की ग्रामीण भागात वाचक उरला नाही. हे पत्र त्या एका वाक्याशी भांडण्यासाठी लिहितो आहे. वाचक आहे की नाही, हे पुस्तक त्याच्यासमोर ठेवल्याशिवाय कळत नाही. आमच्यासमोर ते ठेवलंच गेलेलं नाही. जे दाखवलं नाही ते कुणी मागितलं नाही, एवढंच तुमच्या विक्रीच्या आकड्यांतून सिद्ध होतं.

पवनी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली नसेल, म्हणून थोडं सांगतो. वैनगंगेच्या काठचं हे तालुक्याचं गाव. नागपूरहून उमरेड-भिवापूर करत एसटी येते, भंडाऱ्याहून अड्याळवरून. देवळं आणि घाट इतके की लोक विदर्भाची काशी म्हणतात. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथं उत्खनन केलं आणि जगन्नाथ टेकडीत प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी लिहिलेला उत्खननाचा अहवाल विद्यापीठानं 1972 मध्ये छापला. क्षत्रप रूपिअम्माचं नाव कोरलेला पवनीचा दगडी स्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. त्या काळाचा माग काढणारा, सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या इतिहासाचा आणि कोरीव लेखांचा ग्रंथ वा. वि. मिराशींनी मराठीत लिहिला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं तो काढला.

यातलं एकही पुस्तक पवनीत विकत मिळत नाही. ज्या टेकडीवर पोरं क्रिकेट खेळत मोठी झाली तिच्याबद्दल छापलेलं पान त्यांच्या हाती पडत नाही. मंडळाची पुस्तकं तर जनतेच्या पैशातून, मुद्दाम कमी किमतीत छापलेली असतात. पण ती विकायला ठेवली जातात मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांतल्या शासकीय ग्रंथागारांत. दीडशे रुपयांच्या पुस्तकासाठी पवनीच्या माणसानं दिवसाची मजुरी बुडवून नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला जायचं. मग स्वस्त किमतीचा फायदा कुणाला मिळाला? मंडळानं बरीच पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, ते चांगलंच झालं. पण जाडजूड ग्रंथ मोबाइलच्या काचेवर वाचून होत नाही, आणि तो तिथं आहे हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

आता दुकानदाराची बाजू ऐका. तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाइड, अपेक्षित प्रश्नसंच, पोलीस भरती आणि तलाठी भरतीची पुस्तकं, वर एका फळीवर पोथ्या. असा दुकानदार वाचनाचा शत्रू नसतो. त्याला साहित्याची पुस्तकं ठेवा म्हटलं की तो एकच उत्तर देतो: पैसे अडकतात. त्याचं म्हणणं खरं आहे. तीनशे रुपयांचं पुस्तक, तीस टक्के कमिशन, म्हणजे विकलं तर नव्वद रुपये. वीस पुस्तकं मागवली तर चार हजार दोनशे रुपये आधी रोख भरायचे. वर ट्रान्सपोर्टचा खर्च. कमी माल मागवला तर कमिशन आणखी खाली. आणि एकदा घेतलेलं पुस्तक परत घेतलं जाणार नाही. तेच चार हजार दोनशे त्यानं जूनमध्ये वह्यांत घातले तर पोळ्याच्या आत दोनदा फिरून येतात.

याउलट मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानाला तुम्ही काय देता? महिनोन्‌महिन्यांची उधारी, विकलं नाही तर परतीची सोय, जास्तीचं कमिशन, लेखकाच्या सहीचा कार्यक्रमसुद्धा. म्हणजे ज्याच्या दारात रोज शेकडो माणसं येतात त्याला धोका शून्य, आणि ज्याच्या दारात महिन्यातून चार वाचक यायचे त्यानं सगळा धोका स्वतःच्या गल्ल्यातून उचलायचा. माझ्या मते मराठी पुस्तकाची खरी गाठ इथं आहे. वाचनाची आवड कमी झाली, मोबाइल आला, इंग्रजी शाळा आल्या ही सगळी कारणं नंतरची. वसुलीची तुमची अडचण मला माहीत आहे. लहान दुकानदाराकडून पैसे यायला वर्ष लागतं, कधी येतच नाहीत, आणि दोन हजारांसाठी माणूस पाठवणं परवडत नाही. पण आज पैसे फोनवरून एका मिनिटात जातात आणि कुठल्या दुकानात काय उरलंय याचा फोटो रोज मागवता येतो. जुन्या बुडीत खात्यांच्या भीतीनं नवी खाती उघडायची नाहीत, हे किती वर्षं चालवायचं?

या व्यवहाराचा परिणाम फक्त पुस्तकांच्या संख्येवर होत नाही, कोणती पुस्तकं दिसतात यावर होतो. धोका पत्करायचा नाही म्हटल्यावर दुकानदार तेवढंच ठेवतो जे हमखास जातं: ‘मृत्युंजय’, ‘श्यामची आई’, ‘अग्निपंख’ आणि श्रीमंत कसं व्हावं हे शिकवणारे दोन-चार अनुवाद. ही पुस्तकं चांगलीच आहेत, लोकांनी ती वाचावीत. पण ‘मृत्युंजय’ 1967 मध्ये आलं. आजचा वाचक ते घ्यायला येतो तेव्हा त्याच्या शेजारी या वर्षीची कादंबरी असायला हवी, जिचं नाव त्यानं ऐकलेलं नाही. मुखपृष्ठ बघून, पहिलं पान वाचून, किंमत पाहून माणूस एखादं नवं पुस्तक घरी नेतो. लेखक असेच तयार होतात आणि वाचकही. ती शेजारची जागा पवनीत रिकामी आहे. मग पुण्यात बसून वाटतं की गावाकडचे लोक अजून जुनंच वाचतात.

ऑनलाइन मागवा, असं तुम्ही म्हणाल. बुकगंगा आहे, ॲमेझॉन आहे. मागवतो आम्ही. पण शोधायच्या चौकटीत नाव लिहावं लागतं, आणि नाव माहीत असेल तरच लिहिता येतं. ज्याला नाव ठाऊक आहे त्या वाचकाला गाठायला तुम्हाला फार कष्ट नव्हतेच. प्रश्न त्याचा आहे ज्याला अजून ठाऊक नाही.

राहिली वाचनालयं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे 1967 पासून आहे आणि राज्यात अनुदान घेणारी हजारो ग्रंथालयं आहेत. गावोगाव पुस्तक पोचवण्याची एवढी मोठी सोय फार थोड्या राज्यांकडे असेल. काही वर्षांपूर्वी अनुदानात 60 टक्के वाढही झाली. पण ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचा हात तरीही तंगच असतो. अनुदान हप्त्यांनी येतं, मार्च जवळ येतो, खर्च दाखवायचा असतो, आणि नेमक्या त्या आठवड्यात जो विक्रेता सर्वांत जास्त सवलत देतो त्याचे गठ्ठे उतरतात. सवलत जास्त द्यायची तर छापील किंमत आधीच वाढवलेली असते. कुणी वाचावं म्हणून नव्हे तर ग्रंथालयात खपावं म्हणून छापलेली पुस्तकं कपाटात शिरतात आणि शासनमान्य यादीतल्या चांगल्या पुस्तकांची जागा आणि पैसा खातात. ग्रंथपालाचा त्यात फारसा दोष नाही. त्याच्यापर्यंत दुसरा कुणी विक्रेता पोचलाच नाही. तुम्ही, ज्यांच्याकडे चांगली पुस्तकं आहेत, तुमचा माणूस शेवटचा भंडारा जिल्ह्यात कधी फिरला?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तिथं येतो.

दरवर्षी अशोक विजयादशमीला आमच्या तालुक्यातली माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा दिली ती ही जागा. लाखो लोक येतात. भोवतालच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी पुस्तकांची दुकानं लागतात: कुणी मंडपात, कुणी टेबलावर, कुणी नुसती ताडपत्री अंथरून. नागपूरचे प्रकाशक, पुण्या-मुंबईचे, हिंदीतले दिल्लीचे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ असतं, संविधान असतं, फुल्यांचं लेखन असतं, आत्मचरित्रं असतात, दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका असतात आणि हजार रुपयांचे खंडही असतात. धानाच्या शेतात मजुरी करणाऱ्या बाया तिथं उभ्या राहून पुस्तक उलटंसुलटं करून पाहतात, पोरीला विचारतात, पैसे मोजतात आणि पिशवीत घालतात. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही तेही नातवासाठी घेतात. परतीच्या गाडीत जेवणाच्या डब्याशेजारी पुस्तकं असतात. वर्षभर ती वस्तीत हातोहात फिरतात.

हे वाचक कुठून आले? तुमच्या म्हणण्याप्रमाणे तर ते अस्तित्वातच नाहीत. ते पवनी, लाखांदूर, साकोली, ब्रह्मपुरी, नागभीड अशा गावांतून आले, ज्यांची नावं तुमच्या खतावणीत नाहीत. तिथं त्यांना कुणी काचेच्या दाराआडून अदमास घेत बघत नाही. पुस्तक उघड्यावर, मुखपृष्ठ वर करून मांडलेलं असतं, हातात घेता येतं. विकणारा बहुतेक वेळा स्वतः वाचणारा असतो आणि काय वाचावं हे सांगतो. खिशात वीस रुपये असले तरी तिथून रिकाम्या हातानं जावं लागत नाही. दादरला 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर हेच घडतं, मराठीतली नामांकित पुस्तकांची दुकानं जिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत तिथं. पण शिवाजी पार्कवर खपलेल्या पुस्तकांपैकी किती त्या दुकानांच्या दर्शनी कपाटात पोचतात?

मागणी केवढी आहे याचा एक दाखला सांगतो. राज्य शासनानं बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड 1979 पासून काढायला सुरुवात केली. त्यांच्या संपादनासाठी वसंत मून आयुष्यभर खपले. पुढं या खंडांची छपाई रखडली आणि कागद घेऊनही काम पुढं सरकत नाही अशी बातमी आली तेव्हा, डिसेंबर 2021 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून त्याची दखल घेतली. पुस्तक मिळत नाही म्हणून न्यायालयाला लक्ष घालावं लागावं, इतके वाचक ज्या ग्रंथांची वाट पाहत आहेत तो समाज वाचत नाही असं कसं म्हणणार?

दीक्षाभूमीचीही मर्यादा आहे. ती वर्षातून दोन-तीन दिवसांची आहे. तिथं आंबेडकरी आणि बौद्ध साहित्य मुबलक मिळतं, पण विज्ञानाचं पुस्तक, नवी कविता, आठ वर्षांच्या मुलीसाठी चित्रांचं पुस्तक शोधावं लागतं. आणि गावातले जे लोक तिथं जात नाहीत त्यांना तीही वाट नाही. चळवळीनं स्वतःच्या बळावर जे उभं केलं त्याच्यावर बाकी मराठी साहित्यानं फुकट विसंबून राहू नये.

पुस्तक वाचकाच्या गावी नेण्याचं काम मराठीत कुणी केलंच नाही असं नाही. 1974 च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’नं सभासद जमवले, आगाऊ पैसे घेऊन सवलतीत पुस्तकं दिली, गावोगाव प्रदर्शनं लावली, ग्रंथयात्रा काढली. 1978 चं दया पवारांचं ‘बलुतं’ आणि 1980 चं लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ घराघरांत गेलं त्यामागं लेखणीचं बळ होतंच, पण पुस्तक उचलून वाचकाच्या गावी नेणारे कार्यकर्तेही होते. ‘साधना’ साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक अगदी कमी किमतीत ठेवून शाळाशाळांतून लाखांहून अधिक प्रतींनी जातो. केरळमध्ये 1945 साली लेखकांनीच सहकारी संस्था काढली, तिच्या नॅशनल बुक स्टॉलच्या शाखा राज्यभर उघडल्या आणि लेखकांना 30 टक्के मानधन दिलं. सहकाराचा एवढा अनुभव असलेल्या महाराष्ट्रात पुस्तकासाठी तसं का उभं राहिलं नाही, याचं मला खरोखर दुःख आहे.

अंतराची सबब तर चालणारच नाही. नागपूरची वर्तमानपत्रं रोज पहाटे पवनीत येतात. ‘कालनिर्णय’ डिसेंबरात पानठेल्यावर लटकलेलं असतं. ‘गजानन विजय’ पोथी कुठल्याही गावी मिळते. आणि आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाटक बघा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावच्या जत्रा, भरू लागल्या की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या रात्री गावोगाव पोचतात, मंडप भरतो, लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. शब्दांवर पैसे खर्च करणारा हा मुलूख आहे. इथं नाटक विकलं जातं कारण नाटक इथं येतं.

टपालाचं म्हणाल, तर डिसेंबर 2024 मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट अचानक बंद झालं तेव्हा लहान प्रकाशकांचा श्वास कोंडला होता. पण मे 2025 पासून टपाल खात्यानं ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, अधिक कर, असे दर त्यांनी जाहीर केले. पाच किलोत पंधरा-सोळा पुस्तकं बसतात, म्हणजे एका पुस्तकाला सहा-सात रुपये. यापेक्षा स्वस्त काय हवं?

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. पवनीला पन्नास पुस्तकांची, प्रत्येकी दोन प्रतींची पेटी पाठवा. सरासरी अडीचशे रुपये किंमत धरली तर पंचवीस हजारांचा माल होतो, वजन तीस किलोच्या आसपास, टपालखर्च सहाशे रुपये आणि कर. सहा महिन्यांच्या परतीच्या बोलीवर द्या, पुण्याच्या दुकानाला देता त्याच बोलीवर. निवड मात्र आम्हाला विचारून करा. त्या पेटीत मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ असू द्या, कारण नवेगावबांध हे त्यांचं जंगल एके काळी आमच्याच भंडारा जिल्ह्यात होतं आणि आज उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या दारात वाघ बघायला येणारा पर्यटक ते नक्की घेईल. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीवर आयुष्यभर केलेलं काम असू द्या, वसंत मून यांचं ‘वस्ती’ असू द्या. या वर्षी आलेली, कुणीही नाव न ऐकलेली दहा पुस्तकं असू द्या. लहान मुलांची दहा असू द्या, रंगीत चित्रांची. उरलेली तुमच्या आवडीनं भरा.

जागा शोधायचं काम आमचं. वह्यांच्या दुकानातली एक फळी, आठवडी बाजारातलं एक टेबल, रुयाडच्या महासमाधीभूमीवर धम्ममहोत्सव भरतो तेव्हा एक मंडप, शाळेच्या स्नेहसंमेलनातला एक कोपरा. पैसे दर महिन्याला फोनवरून पाठवू. जे विकलं नाही ते आमच्या खर्चानं परत करू, कोरं आणि न चुरगळलेलं. आणि काय विकलं गेलं, कुणी घेतलं, कुणी नुसतं हातात धरून ठेवून दिलं, हेही लिहून कळवू, म्हणजे पुढची पेटी भरताना तुम्हाला आमच्याबद्दल अंदाज बांधावे लागणार नाहीत.

पहिलं पार्सल शाळा उघडायच्या आत, जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पवनीत पोचेल असं बघा. कुठल्या दुकानाच्या नावानं पाठवायचं, ते तुमचा होकार आला की लगेच कळवतो.

आपला,
पवनीचा एक वाचक